वाचक विचारतात : मनाची खोली मांडायची कशी?

भावना ओळखणं, श्वास सावरणं, मदत मागणं या गोष्टी हाताने करून शिकता येतील अशा जागांबद्दल या वेळी पत्रं मागवली होती. बहुतेक पत्रं बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली आली. त्यांतली सहा घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत एक वर्गखोली रिकामी आहे, २० बाय १५ फुटांची. माजी विद्यार्थ्यांनी ४० हजार रुपये जमवून दिलेत. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी 'मनाची खोली' करायची, असं एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत ठरलं. पेंटर म्हणतो, भिंतींवर हसरे चेहरे आणि सुविचार रंगवून देतो. तेवढ्याने भागेल का?
— मुख्याध्यापिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, पेंटरला आधी थांबवा. 'नेहमी आनंदी राहा' असं भिंतीवर वाचून कुणाला आनंदी राहता येत नाही. उलट ज्या पोराच्या घरी काल भांडण झालंय, त्याला वाटतं की इथे आपल्यासारख्याला जागा नाही. खोलीत वाचायला कमी आणि करायला जास्त हवं. भिंतींना फिका, मॅट रंग द्या. ऑइलपेंट नको, त्यावर उजेड चमकतो. निळ्या रंगाने मन शांत होतं वगैरे ऐकाल, त्यावर पैसे घालवू नका. डोळ्यांवर झगमगाट येत नाही ना, एवढं बघा. नऊ वॅटचे दोन बल्ब भिंतीकडे तोंड करून लावले तर पुरे.

एवढ्या खोलीत एका वेळी आठ मुलं, चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी दोघं. त्याहून जास्त मुलं सोडली की तो खेळाचा तास होतो.

पहिलं ठिकाण दाराजवळ : भावनांचा तक्ता. दोन फूट बाय दोन फूट पत्रा, त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा. आडवी रेषा 'वाईट वाटतंय' ते 'बरं वाटतंय', उभी रेषा 'अंगात जोर नाही' ते 'अंगात खूप जोर'. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावना अशाच दोन अक्षांवर मांडल्या होत्या. मुलाने आत येताना आपलं लोहचुंबक जिथे बसेल तिथे लावायचं. राग आणि भीती वर डावीकडे येतात, उदासी आणि कंटाळा खाली डावीकडे. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या पाच चित्रांपेक्षा हा तक्ता चांगला, कारण नेमका शब्द सापडला नाही तरी जागा सापडते. चुंबकं सगळी एकसारखी ठेवा. नावं किंवा हजेरी क्रमांक घातले, की मुलं दुसऱ्याचं चुंबक वाचायला लागतात आणि पुढच्या आठवड्यापासून सगळी चुंबकं 'बरं वाटतंय' मध्ये जाऊन बसतात.

तक्त्यावरून पुढचं ठिकाण ठरलं पाहिजे. हा दुवा नसेल तर तक्ता नुसती शोभेची वस्तू होतो. वर डावीकडे असलेल्याने भिंत ढकलायला जायचं. भिंतीवर पंजांचे ठसे रंगवा, जमिनीपासून १०५, ११५ आणि १२५ सेंटिमीटरवर, म्हणजे दहा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या खांद्याशी येतात. पंजे टेकवून दहा सेकंद जोरात ढकलायचं, मग सैल सोडायचं, असं तीनदा. रागाने ताठरलेल्या अंगाला ताण आणि सैलपणा यातला फरक त्यातून कळतो. उशीला बुक्के मारायला मात्र लावू नका. त्याने राग निघून जात नाही, मारायची सवय पक्की होते.

तिसरं श्वासाची पाटी. १२ मिलिमीटर प्लायवूडवर सुताराकडून एक डोंगर कोरून घ्या. खोबण १५ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर खोल. चढण २० सेंटिमीटर, उतरण ३० सेंटिमीटर. बोट सेकंदाला पाच सेंटिमीटर सरकवलं की चढताना चार सेकंद श्वास आत, उतरताना सहा सेकंद बाहेर. खोबणीची कड पॉलिशपेपरने नीट घासायला सांगा. कूस टोचली तर त्या पाटीला पुन्हा कुणी हात लावणार नाही.

चौथं टेबल अडचणींचं. तीन परड्या ठेवा : 'हे मी करू शकतो', 'याला कुणाची मदत लागेल', 'हे माझ्या हातात नाही'. तीसेक लाकडी चकत्यांवर एकेक प्रसंग : मैत्रीण बोलत नाही, कन्नडचा पेपर अवघड गेला, बाबा दारू पिऊन येतात, पावसात बस चुकते. दहा चकत्या कोऱ्या, खडूने लिहिता येतील अशा काळ्या रंगाच्या. दोघांनी मिळून चकत्या वाटायच्या. मुलं बाईंना आवडेल तेच उत्तर देतात, हा इथला नेहमीचा घोटाळा. म्हणून बरोबर उत्तर सांगूच नका. एकच चकती दोघांनी दोन परड्यांत टाकली तर 'का?' एवढंच विचारा. पहिल्या परडीतल्या एका चकतीसाठी उद्या करता येईल अशी एक छोटी गोष्ट ठरवायची, दुसऱ्या परडीतल्या चकतीसाठी एका माणसाचं नाव.

तक्त्यावर खाली डावीकडे चुंबक लावणाऱ्या मुलाला थेट याच टेबलावर आणा. उदास मुलाला श्वास मोजायला बसवून फारसं हाती लागत नाही. त्याला छोटं काहीतरी करायला आणि कुणाची तरी सोबत लागते.

वेळ २५ मिनिटं : सुरुवातीला पाच मिनिटं सगळे एकत्र, मग प्रत्येक ठिकाणी चार, शेवटी चार. पण पहिल्याच आठवड्यात चारही ठिकाणं उघडू नका. आठवड्याला एक उघडा.

पैशांचं म्हणाल तर सुतारकामाला १३ हजार, रंगाला ८, चटया-पडद्यांना ६, पत्रा-चुंबकं-चकत्यांना ३, आणि १० हजार वर्षभराच्या डागडुजीला बाजूला ठेवा. सगळे पैसे उद्घाटनाआधी संपवले, तर पहिल्या पावसाळ्यानंतर प्लायवूड फुगतं आणि खोलीला कुलूप लागतं. खानापुरात पावसाचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. प्लायवूड बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) दर्जाचंच घ्या आणि ओल्या भिंतीला टेकवू नका, मागे एक इंच फट ठेवा.

तीन नियम मात्र आधी लिहून काढा. शिक्षा म्हणून कुणालाही या खोलीत पाठवायचं नाही. चिठ्ठ्यांची पेटी ठेवलीत तर ती रोज, ठरलेल्या दोघांनी मिळून उघडायची. आठवडाभर न उघडलेल्या पेटीपेक्षा पेटी नसलेली बरी. आणि 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला द्यायचं नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. 'तुला सुरक्षित ठेवण्यासाठी गरज पडली तर मी योग्य माणसाला सांगेन' असं पहिल्या दिवशीच सांगा. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक शिक्षकांच्या खोलीतही लावून ठेवा.

प्रश्न : आम्ही ग्रामपंचायतीच्या वाचनालयात आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि २४ दिव्यांची एलईडी रिंग वापरून श्वासाचा दिवा केला. दोन सेकंद उजळतो, दोन सेकंद मंद होतो. 'जितका खोल घेता येईल तितका श्वास घ्या' अशी पाटी लावली आहे. दोन-तीन पोरांना गरगरलं, एकाच्या बोटांना मुंग्या आल्या. शिवाय दिवा मध्येच बंद पडतो. काय चुकतंय?
— डिप्लोमाचे विद्यार्थी, बेळगाव तालुका

उत्तर : दोन-दोन सेकंद म्हणजे मिनिटाला १५ श्वास. तेवढे सगळे खोल घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. गरगरणं, मुंग्या येणं त्यामुळेच. पोरांना आजार नाही, तुमची पाटी चुकली आहे. 'खोल' खोडा, 'सावकाश' लिहा. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा श्वास. लहान मुलांना तीन आणि चारपासून सुरू करा. श्वास रोखायला लावू नका. बसून, डोळे उघडे, दोन मिनिटं बास. 'नको वाटलं तर थांबा' हेही पाटीवर हवं. घाबरण्याचे झटके येणाऱ्या काही जणांना श्वासाकडे लक्ष दिल्यानेच जास्त घाबरायला होतं. त्यांच्यासाठी शेजारी दुसरं काही ठेवा : खरखरीत घोंगडी, गुळगुळीत गोटा, थंड पितळी वाटी. हात लावून ओळखायचं, बस्स.

आता दिव्याकडे. तुम्ही प्रोग्राममध्ये उजेड सरळ रेषेत वाढवत असणार. डोळ्याला तो तसा दिसत नाही. पाव उजेडालाच तो निम्म्याहून जास्त वाटतो. म्हणजे पहिल्या सेकंदातच मुलाला वाटतं, दिवा निम्मा भरला, आणि ते भसकन श्वास ओढतं. मंद होताना उलट, बराच वेळ दिवा भरलेलाच दिसतो आणि शेवटी एकदम कोसळतो. उजेडाचं प्रमाण शून्य ते एक धरून त्याचा २.२ वा घात घ्या आणि त्याने कमाल उजेडाला गुणा. चढ-उतार एकसारखा दिसेल. दिवा लुकलुकवू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारा उजेड फिट येणाऱ्यांना धोक्याचा.

बंद पडण्याची कारणं दोन असू शकतात. डब्ल्यूएस २८१२ जातीचा एक दिवा पूर्ण पांढरा लागला की ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, २४ दिवे म्हणजे जवळजवळ दीड अँपिअर. कॉम्प्युटरच्या यूएसबीतून साधारण अर्धा अँपिअरच मिळतो. मग रंग लालसर होतो, नॅनो पुन्हापुन्हा सुरू होतो. रिंगला पाच व्होल्ट दोन अँपिअरचा वेगळा पुरवठा द्या, नॅनोशी ग्राउंड जोडा, डेटाच्या वायरीत ४७० ओहमचा रेझिस्टर आणि पुरवठ्यावर हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. एकच रंग वापरा आणि उजेडाची कमाल २५५ ऐवजी ८० ठेवा. डोळ्यांनाही ते बरं.

लाईट गेल्यावर पॉवरबँकवर चालवत असाल तर दुसरं कारण : मंद दिव्याला इतका कमी करंट लागतो की पॉवरबँकला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि तो स्वतःहून बंद होतो. कमी करंटची सोय असलेला पॉवरबँक घ्या. किंवा वरच्या उत्तरातली लाकडी पाटी करा, तिला लाईट लागतच नाही. खरं सांगायचं तर आमचा कल पाटीकडेच आहे. दिवा वाचनालयातच राहतो, पाटीचं शिक्षण पोरगं घरी तळहातावर बोट फिरवून करू शकतं.

प्रश्न : निपाणीत आमच्या बचत गटाने विडी कामगार बायकांसाठी 'समुपदेशन कोपरा' केला. खुर्च्या, पुस्तकं, पाणी, सगळं आहे. पण कोणी येत नाही.
— बचत गटाच्या अध्यक्षा, निपाणी

उत्तर : ताई, नाव काढा. त्या पाटीखाली बसलेली बाई गल्लीभर दिसते, आणि संध्याकाळपर्यंत 'हिला काय झालं?' सुरू होतं. जिथे बायका दुसऱ्या कामाला येतातच, तिथे ही जागा न्या : गटाच्या हप्त्याची बैठक, अंगणवाडी, विड्या मोजून द्यायची जागा. तोंड रस्त्याकडे नको, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, म्हणजे पाच फुटांचा आडोसा करा. निघायला दुसरी वाट असेल तर उत्तम.

पुस्तकं बाजूला ठेवा. दिवसभर सुपात मान घालून पानं वळणाऱ्या बाईची मान, खांदे आणि बोटं आधीच भरून आलेली असतात. सुरुवात तिथूनच करा. एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेली स्नायू सैल करण्याची पद्धत इथे चपखल बसते : मूठ पाच सेकंद आवळा, पंधरा सेकंद सैल सोडा, मग खांदे कानांकडे उचला आणि सोडा, मग कपाळ, जबडा. जो भाग आधीच दुखतोय तिथे आवळायचं नाही, फक्त सैल सोडायचं. दहा मिनिटं लागतात. पहिल्या महिन्यात मनाबद्दल एक अक्षर बोललं नाही तरी चालेल. खांदे सैल झाले की बायका आपसूक बोलतात.

सूचना आवाजात ठेवा, आणि आवाज निपाणीचाच असू दे, रेडिओवरच्या बाईंचा नको. मराठी, कन्नड, उर्दू अशी तीन बटणं, वेगवेगळ्या आकारांची. वाचता येत नसलं तरी दुसऱ्या खेपेला बोटाला ओळख पटते. हेडफोनपेक्षा जुन्या टेलिफोनसारखा रिसीव्हर बरा. पदरात, बुरख्यात अडकत नाही आणि पुसायला सोपा.

प्रश्न : गणेशोत्सवात आमचं मंडळ यंदा शेतकरी आत्महत्येवर हलता देखावा करणार आहे. झाड, दोर, बायकापोरांचा आक्रोश, वर बँकेची नोटीस. लोक हलले पाहिजेत. शेजारी माहितीचा कोपरा पण ठेवायचा आहे. काही सूचना?
— मंडळाचे कार्यकर्ते, चिकोडी तालुका

उत्तर : मंडळी, हेतू चांगला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो : हा देखावा करू नका. मांडवासमोर दिवसभर हजारो माणसं येतात, आणि त्यांत असा एखादा असतोच जो त्याच विचारात आहे. जीव देण्याची पद्धत दाखवणं, एकच कारण दाखवणं, मेल्यानंतर सगळे रडताना दाखवणं, या तिन्हींनी अनुकरणाचा धोका वाढतो. बातम्या देणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही हेच सांगतात. दोर, बाटली, विहीर, चिठ्ठी, काहीही नको.

देखावा त्याआधीच्या प्रसंगाचा करा : पारावर दोघं बसलेत, एक गप्प आहे, दुसरा विचारतो. नेमकं काय विचारतो, हेच लोकांना शिकवायचं आहे. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही. विचारल्याने बहुतेकांना हायसंच वाटतं.

माहितीच्या कोपऱ्यात पत्रकांचा गठ्ठा नको, सराव हवा. पत्त्यांच्या आकाराची वीस कार्डं करा. प्रत्येकावर माणूस बोलतो असं एक वाक्य : 'आता काय उरलंय माझं', 'माझ्यामुळेच घर बुडालं', 'तुम्ही सुखी राहा'. एकाने ते म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. तिसऱ्याने तीनच गोष्टी बघायच्या : लगेच उपदेश केला का, 'तुझ्यापेक्षा वाईट हाल आहेत लोकांचे' असं म्हटलं का, पुढे काय करायचं ते ठरलं का. पाच मिनिटांत खेळ होतो. मात्र डीजे चालू असताना तो होत नाही. रोज सकाळी दहा ते बारा ही वेळ त्याला राखून ठेवा.

शेजारी एक कुलपाची लोखंडी पेटी ठेवा, कीटकनाशकासाठी शेतकऱ्याने घरी ठेवावी तशी. किल्ली दोन माणसांकडे, पेटी झोपायच्या खोलीपासून लांब. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी येत गेली, आणि तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं. बऱ्याचदा तो विचार थोडाच वेळ टिकतो. तेवढ्या वेळात विष हाताशी नसलं तर जीव वाचतो.

कार्डाच्या मागे टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक छापा : १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. छापण्याआधी आपल्या भागातून स्वतः फोन लावा, मराठीसाठी कुठला आकडा दाबावा लागतो ते ऐका आणि तोही छापा. फोनवर आधी दुसरी भाषा ऐकून माणूस ठेवून देतो, हे सीमाभागात सहज होऊ शकतं.

कोपऱ्यावर नेहमी दोघं असू द्या, दोन तासांची पाळी. कुणी 'मला जगायचं नाही' म्हणालाच, तर एकाने त्याच्याजवळ राहायचं, एकटं सोडायचं नाही. दुसऱ्याने १४४१६ ला आणि घरच्या विश्वासाच्या माणसाला फोन लावायचा. काही घेतलं असेल तर १०८, गप्पा नाहीत. पोलिसांच्या भीतीने घरचे लपवतात, त्यांना सांगा : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, त्याच्यावर खटला भरत नाहीत.

प्रश्न : आमच्या केंद्रातले फलक मराठीत ठेवायचे की कन्नडमध्ये? दोन्हीकडून बोलणी खायची पाळी येते.
— ग्रंथपाल, बेळगाव

उत्तर : बाहेरच्या नामफलकाचा प्रश्न कर्नाटकाच्या कायद्याने सोडवलेला आहे : ६० टक्के कन्नड, तेही वरच्या भागात. आतल्या फलकांवर दोन्ही भाषा शेजारी-शेजारी, अक्षर एकाच आकाराचं. एक वर मोठी आणि दुसरी खाली बारीक केली, की खालचीचा वाचक पाहुणा ठरतो. एका भाषेत २५ शब्दांच्या वर जाऊ नका. तीन फुटांवरून वाचायचं असेल तर किमान ३० पॉइंट, नाहीतर मात्रा आणि अनुस्वार दिसत नाहीत. मजकूर एका भाषेत लिहून दुसरीत उतरवू नका. दोन्ही भाषांच्या दोघांना एकत्र बसवून दोन्ही मजकूर एकदमच लिहून घ्या आणि छापण्याआधी सातवीच्या दोन मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. अडखळले तिथे शब्द बदला.

प्रश्न : एक कंपनी डोळ्यांवर लावायचे व्हीआर गॉगल आणि टचस्क्रीन देते म्हणते. घ्यावेत का? आणि मुलांना फायदा झाला हे देणगीदारांना कसं दाखवायचं?
— संस्थेचे सचिव, संकेश्वर

उत्तर : गॉगल नकोत. एका वेळी एकच मूल, काहींना मळमळ, आणि वॉरंटी संपली की कपाटात. टचस्क्रीनवर बोट फिरतं, पण समोरच्या माणसाशी बोलायचा सराव होत नाही.

फायद्याचं म्हणाल तर 'आवडलं का?' विचारू नका, सगळी हो म्हणतात. किती मुलं आली ही संख्याही फार काही सांगत नाही. खोली दाखवल्यावर दोन आठवड्यांनी, खोलीबाहेर, मैदानावर वीस मुलांना एकेकटं गाठा आणि तीन गोष्टी करून दाखवायला सांगा : सावकाश श्वास, अडचण कुठल्या परडीत टाकशील, आणि मदत लागली तर कुणाकडे जाशील त्या माणसाचं नाव. तिसऱ्यात 'बाईंकडे' असं मोघम उत्तर आलं तर अर्धाच गुण. नाव हवं. गेल्या चौदा दिवसांत यातलं काय, कुठे वापरलं तेही विचारा आणि मुलाच्या शब्दांत लिहून घ्या. देणगीदारांना पाठवताना मुलाचं नाव, इयत्ता, गाव काढून टाका. फोटो पाठवायचाच असेल तर रिकाम्या खोलीचा पाठवा.